जुन्या म्युझिक बॉक्सची ओढ नेमकी कशाची?

प्रश्न असा आहे: हवे ते गाणे हवे तेव्हा ऐकण्याची सोय आज प्रत्येकाच्या खिशात असताना, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या म्युझिक बॉक्समधून निघणारी जेमतेम मिनिटभराची धून ऐकून माणसांचा गळा का दाटून येतो? हा निव्वळ जुन्याचा मोह आहे का? आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असा बॉक्स दुरुस्त करून घेतला, तर त्याच्याशी जोडलेली आठवण त्या दुरुस्तीत हरवेल का? जुने म्युझिक बॉक्स उघडणे, तपासणे आणि पुन्हा वाजते करणे हाच माझा व्यवसाय असल्याने हे तिन्ही प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर सतत येत असतात, आणि माझ्या मते त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते.

जुनेपणा हे या ओढीचे मुख्य कारण नव्हे. त्याच घरातले, त्याच काळातले भिंतीवरचे घड्याळ लोक कौतुकाने दाखवतात, पण त्याचे टोले ऐकून कोणाचे डोळे भरून आल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. म्युझिक बॉक्सच्या बाबतीत मात्र हे वारंवार घडते, आणि त्याची कारणे त्या यंत्राच्या घडणीतच आहेत. स्वर कसा निर्माण होतो, तो किती वेळ टिकतो, धून कोठे सुरू होऊन कोठे संपते, ती ऐकण्यासाठी माणसाला काय करावे लागते, या सगळ्या अगदी यांत्रिक बाबी आहेत. पण भावना त्यांच्याच आधाराने उभी राहते. म्हणून आधी यंत्राकडे पाहू.

पितळी सिलिंडरच्या पृष्ठभागावर बारीक पोलादी पिना हजारोंच्या संख्येने बसवलेल्या असतात. सिलिंडर फिरू लागला की प्रत्येक पीन समोरच्या पोलादी फणीचा एक दाता किंचित उचलते आणि सोडून देते; सुटलेला दाता थरथरतो आणि स्वर उमटतो. खर्जाचे दाते लांब असतात आणि त्यांच्या खालच्या बाजूला शिशाचे वजन जोडलेले असते, म्हणजे ते सावकाश कंप पावतात. वरच्या सप्तकातले दाते आखूड आणि हलके. एका सिलिंडरवर बहुधा चार, सहा, आठ किंवा बारा धुना असतात. एक धून संपली की सिलिंडर अगदी सूतभर बाजूला सरकतो, त्यामुळे पहिल्या धुनेच्या पिना आता दात्यांच्या मधल्या फटींतून निघून जातात आणि दुसऱ्या धुनेच्या पिना दात्यांच्या टोकांसमोर येतात. हे सरकणे नुसत्या डोळ्यांना मुश्किलीने दिसते. एवढ्याशा अंतरात धुना शेजारीशेजारी बसवायच्या आणि एकीचा एकही स्वर दुसरीत मिसळू द्यायचा नाही, हे काम एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांनी हाताने चालणाऱ्या साध्या यंत्रांवर केले आहे. पिना बसवण्याच्या कामात स्त्रियांचा मोठा वाटा असे आणि ते बऱ्याचदा घरी बसून केले जाई.

या कल्पनेचे मूळ जिनिव्हात आहे. तेथील घड्याळजी अँत्वान फाव्र यांनी 1796 मध्ये घंटा आणि हातोड्या यांच्याशिवाय वाजणारी रचना मांडली. त्याआधी घड्याळात संगीत बसवायचे म्हणजे छोट्या घंटा बसवाव्या लागत आणि त्या बरीच जागा खात. पोलादाच्या पातळ पट्ट्या छेडून स्वर काढता येतो हे कळल्यावर संगीत खिशातल्या घड्याळात, तपकिरीच्या डबीत, अगदी लाखेवर उमटवायच्या मोहरेतसुद्धा मावू लागले. सुरुवातीला दाते एकेकटे किंवा छोट्या गटांनी बसवलेले असत. पुढे पोलादाच्या एकाच पट्टीतून सबंध फणी कापली जाऊ लागली. जिनिव्हाच्या जोडीने स्वित्झर्लंडच्याच जुरा डोंगरातले सँत-क्र्वा हे गाव या धंद्याचे मोठे केंद्र झाले. इतिहासाचा एवढा धागा येथे पुरेसा आहे. मला त्यातला एकच मुद्दा पुढे न्यायचा आहे. या वस्तूचा जन्म खिशात आणि तळहातावर झाला, सभागृहात झाला नाही. पेटी पुढे मोठी झाली, तरी ती एका खोलीतल्या दोन-चार माणसांसाठीच वाजत राहिली.

आता स्वराकडे येऊ. एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असलेली पोलादी पट्टी तारेसारखी वाजत नाही. तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ प्रमाणात येतात आणि मूळ स्वराला भरीवपणा देतात. सारख्या जाडीच्या पट्टीत मात्र पहिला उपस्वर मूळ स्वराच्या साधारण 6.27 पट आणि त्यापुढचा साधारण 17.5 पट उंच असतो. म्युझिक बॉक्सचे दाते सर्वत्र सारख्या जाडीचे नसल्याने हे आकडे तिथे तंतोतंत लागू पडत नाहीत, पण स्वभाव तोच राहतो: छेडताक्षणी एक काचेरी, लखलखीत टणत्कार होतो, तो लगेच विरतो आणि मागे जवळजवळ निर्भेळ असा एकच स्वर उरतो, जो स्वतःही फार वेळ टिकत नाही. तो लांबवता येत नाही, फुगवता येत नाही, त्याला मींड नाही, आस नाही. गाणारा श्वास रोखून स्वर धरू शकतो. येथे प्रत्येक स्वर जन्मल्याबरोबर मावळू लागतो. धून बांधणाऱ्या कारागिराला हे ठाऊक असल्याने तो रिकाम्या जागा झरझर उतरणाऱ्या स्वरमालांनी, छोट्या अलंकारांनी आणि एकच स्वर चार-पाच दात्यांवर आळीपाळीने वाजवून भरून काढतो. म्युझिक बॉक्सच्या वादनात जी एक प्रकारची हळवी लगबग जाणवते, ती संगीतकाराच्या मनःस्थितीतून आलेली नसते. स्वर विझण्याआधी पुढचा स्वर पेटवण्याची ती गरज असते. ऐकणाऱ्याला मात्र ती लगबग काहीतरी निसटत असल्यासारखी वाटते, आणि माझ्या मते त्याचे हे वाटणे अगदी बरोबर आहे.

या लगबगीमागे आणखी एक अडचण आहे, जी फणी काढून उलटी केल्याशिवाय दिसत नाही. थरथरत असलेल्या दात्याला पुढची पीन येऊन टेकली, तर धातूवर धातू घासल्याचा कर्कश चिवचिवाट होतो. तो टाळण्यासाठी दात्याच्या टोकाखाली केसासारखी बारीक, वळवलेली पोलादी तार बसवलेली असते. पीन दात्यापर्यंत पोहोचण्याच्या किंचित आधी या तारेला स्पर्श करते, तार दात्याला टेकून त्याची थरथर थांबवते, आणि मगच पीन त्याला नव्याने उचलते. अगदी वरच्या, नाजूक दात्यांना तारेऐवजी पिसाच्या देठाचा कातरलेला तुकडा लावलेला सापडतो. याला डॅम्पर म्हणतात. एका फणीत असे डॅम्पर डझनावारी असतात आणि प्रत्येकाची वळण हाताने, भिंगातून पाहत, कानाने तपासत जुळवावी लागते. म्हणजे प्रत्येक पुनरावृत्त स्वराच्या आधी एक क्षणभर शांतता मुद्दाम घडवलेली असते. चांगला बॉक्स स्वच्छ वाजतो म्हणजे काय, तर त्याच्या या शांतता शाबूत आहेत. पुष्कळ लोक मला सांगतात की त्यांच्या लहानपणी बॉक्स गोड वाजायचा आणि आता तो बोचतो. त्यांना वाटते आपले कान किंवा आपले मन बदलले. बहुतेक वेळा बदललेले असतात ते डॅम्पर: गंजलेले, वाकलेले किंवा गळून पडलेले.

मात्र केवळ स्वराच्या गोडव्याने गळा दाटत नाही. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की म्युझिक बॉक्स ध्वनिमुद्रण नाही. थॉमस एडिसन यांचा फोनोग्राफ 1877 चा. त्याआधी वाजलेले जवळजवळ सगळे संगीत ते वाजवणाऱ्या हातांबरोबर संपून गेले. 1840 च्या सुमारास बनलेला बॉक्स आज वाजतो, तेव्हा आपण त्या काळातल्या आवाजाची नक्कल ऐकत नसतो. त्याच फणीचे तेच दाते, त्याच पिनांनी उचलले जाऊन, आत्ता, या खोलीतली हवा हलवत असतात. मुद्रणात आपण पूर्वी घडून गेलेल्या वादनाची छाप ऐकतो. येथे वादन नव्याने घडते आणि तरीही ते तेच असते, कारण मधल्या काळात कोणत्याही वादकाने त्यात आपल्या आवडीची भर घातलेली नाही. धून बांधणाऱ्याने कोणता अलंकार कोठे घेतला, लय कोठे किंचित सैल सोडली, हे पितळेवर कोरून ठेवलेले आहे. त्या काळची वादनशैली अभ्यासणाऱ्यांना म्हणूनच या बॉक्समध्ये रस असतो. सामान्य श्रोत्याला हे शब्दांत मांडता येत नाही, पण त्याला ते जाणवते. आजीने ऐकले ते आणि मी ऐकतो ते एकच आहे, असे तो म्हणतो, आणि भौतिकदृष्ट्या त्याचे म्हणणे खरे असते. छायाचित्राबद्दल किंवा पत्राबद्दल हे म्हणता येत नाही. तेथे त्या क्षणाचा ठसा उरतो, क्षण स्वतः पुन्हा घडत नाही.

धून मिनिटभराचीच का असते, हेही पाहण्यासारखे आहे. सिलिंडरचा एक फेरा म्हणजे एक धून, आणि मध्यम आकाराच्या सिलिंडरला तो फेरा पुरा करायला साधारण एक मिनिट लागते. लांबलचक ऑपेरातला प्रसंग असो वा भजनासारखे साधे गीत, सगळे त्या एका फेऱ्यात बसवायचे. सिलिंडरवर आडवी एक कोरी पट्टी सोडलेली असते, जेथे एकही पीन नसते; फेरा तेथे संपतो, सिलिंडर बाजूला सरकतो आणि पुढची धून सुरू होते. म्हणून प्रत्येक धुनेला ठरलेला आरंभ आणि ठरलेला शेवट असतो, आणि शेवट नेहमी अपेक्षेपेक्षा थोडा लवकर येतो. पुन्हा ऐकावेसे वाटते ते या आखूडपणामुळे. हीच धून सात मिनिटांची असती, तर मुलांनी ती शंभरदा ऐकली नसती आणि मोठेपणी ती त्यांना स्वरन् स्वर पाठ नसती.

येथून आपण आठवणीच्या मुद्द्यावर येतो. गाजलेले गाणे आपण आयुष्यभर अनेक ठिकाणी ऐकतो: लग्नात, प्रवासात, दुकानात, शेजारच्या खिडकीतून. प्रत्येक वेळी त्याला नवा संदर्भ चिकटतो आणि जुना फिका होतो. घरातल्या म्युझिक बॉक्सचे तसे होत नाही. त्यावरची धून मुळात प्रसिद्ध गाण्याची असली, तरी त्या विशिष्ट मांडणीत, त्या विशिष्ट फणीवर, एखादा खर्जाचा स्वर जरा उतरलेला, अशी ती जगात फक्त त्या एका खोलीत ऐकू आलेली असते, आणि बहुधा एकाच व्यक्तीच्या सोबतीत. मग बॉक्स बंद पडतो, माळ्यावर जातो, आणि वीस-तीस वर्षे ती धून कोठेच कानांवर पडत नाही. त्या संदर्भावर दुसरा कोणताही संदर्भ साचत नाही. पुन्हा ती वाजते तेव्हा मधली वर्षे ओलांडून थेट ती खोलीच उभी राहते. भावनेचा वेग त्या दुर्मीळतेत आहे, आणि म्हणूनच मी घरच्यांना सांगतो की बॉक्स पुन्हा सुरू झाल्यावर तो दिवसभर पाहुण्यांना वाजवून दाखवू नका. यंत्राच्या झिजेपेक्षाही आठवणीची झीज त्यामुळे लवकर होते.

यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते: किल्ली देण्याचा हक्क. लहान मुलांना बॉक्सला हात लावू दिला जात नसे. किल्ली किंवा दांडा फिरवण्याचे काम घरातल्या एका ठरावीक मोठ्या माणसाचे असे. दुरुस्तीनंतर बॉक्स परत न्यायला आलेल्या लोकांसमोर मी तो चालवून दाखवतो, तेव्हा धून सुरू होण्याच्या आधीच, दांडा मागेपुढे करताना होणाऱ्या खटक्याच्या चाकाच्या आवाजाने अनेकांचा चेहरा बदलतो. धून नंतर येते. आधी तो कर्र कर्र आवाज येतो, त्यामागून यंत्राचा वेग आवरणाऱ्या छोट्या पंख्याची मंद घरघर, आणि झाकण उघडताच जुन्या लाकडाचा आणि तेलाचा वास. आठवणीत हे सगळे एकत्रच साठवलेले असते, पण विचारल्यावर लोक फक्त धुनेचे नाव सांगतात.

एका गैरसमजाबद्दल येथे थोडे बोलणे भाग आहे. म्युझिक बॉक्स म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर शेवटी मंदावत जाणारी, एकेक स्वर अडखळत टाकणारी धून येते, आणि त्यांना ती या वस्तूची सर्वांत हृद्य बाब वाटते. ही प्रतिमा मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या प्रमाणावर निघालेल्या, नाचणारी बाहुली बसवलेल्या दागिन्यांच्या डब्यांतून आली आहे. त्यांच्यातले छोटे यंत्र कमान, म्हणजे किल्लीने गुंडाळली जाणारी पोलादी स्प्रिंग, पूर्ण उलगडेपर्यंत चालते आणि थकत थकत थांबते. एकोणिसाव्या शतकातला चांगला सिलिंडर बॉक्स असे वागत नाही. त्याच्या कमानीचा फक्त मधला, जोम सारखा असलेला भाग वापरला जावा अशी अटक, म्हणजे रोखून धरणारी योजना, तिच्या पिंपावर (कमान ज्यात बसते त्या गोल डबीवर) बसवलेली असते. वेग सारखा ठेवण्याचे काम पंख्याचा गव्हर्नर करतो. आणि धून पूर्ण झाल्यावर एक छोटा खटका खाचेत पडून यंत्र जागच्या जागी थांबते. कोणी मला अभिमानाने सांगितले की आमचा बॉक्स शेवटी किती सुंदर मंदावतो, तर मी समजून जातो की तेल वाळून चिकट झाले आहे किंवा कमान दमली आहे. मंदावणारी धून हृदयाला भिडते, हे मी नाकारत नाही. पण जुन्या बॉक्सचे खरे सौंदर्य नेमके उलट आहे: तो शेवटपर्यंत त्याच आत्मविश्वासाने वाजतो आणि मग नेमका थांबतो. (भयपटांत याच स्वराचा वापर अंगावर काटा आणण्यासाठी होतो, तोही समजण्यासारखा आहे, कोणाचाही हात न लागता इतके निरागस काही वाजत राहिले की माणूस बेचैन होतोच.)

सगळ्याच यांत्रिक संगीतयंत्रांना ही ओढ सारखी लाभलेली नाही. 1880 च्या दशकात जर्मनीतल्या लाइपत्सिगमध्ये पाउल लोखमान यांच्या सिम्फोनियन कंपनीने आणि त्यापाठोपाठ पॉलिफोन कंपनीने सिलिंडरच्या जागी धातूची तबकडी आणली. पॉलिफोनच्या संस्थापकांपैकी गुस्ताव्ह ब्राखहाउझेन यांनी पुढे अमेरिकेत जाऊन रेजिना कंपनी काढली. तबकडी बदलता येत असल्याने धुनांची मर्यादा संपली, आवाज भरघोस झाला, आणि नाणे टाकून वाजणारी उंच यंत्रे सार्वजनिक जागी उभी राहिली. ती सुंदर यंत्रे आहेत आणि त्यांचा खर्ज ऐकताना मला स्वतःला फार आनंद होतो. पण त्यांच्याबद्दल लोक कौतुकाने बोलतात, हळवेपणाने क्वचित. धुना बदलता आल्या की त्यांतली एक आपली राहत नाही. सिलिंडर बॉक्समध्ये ज्या सहा धुना आहेत त्या सहाच आहेत, कायमच्या. त्यांत एखादी न आवडणारीही असते आणि आवडत्या धुनेपर्यंत पोहोचण्यासाठी तिच्यातून जावे लागते. पुढे फोनोग्राफ आणि ग्रामोफोनने खऱ्या माणसाचा आवाज घरात आणला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या सगळ्याच धंद्याला उतरती कळा लागली.

वापराच्या खुणा हा या ओढीचा शेवटचा आणि सर्वांत नाजूक भाग आहे. झाकणाच्या आत धुनांची नावे लिहिलेले कार्ड असते, बऱ्याचदा जिनिव्हाच्या वळणदार हस्ताक्षरात. त्यावर कोणीतरी पेन्सिलीने एका धुनेपुढे फुली केलेली असते. धून न बदलता तीच पुन्हा वाजवत ठेवणारी एक दांडी बहुतेक बॉक्समध्ये असते, आणि भिंगाखाली सिलिंडर पाहताना कधी कधी एकाच धुनेच्या पिनांची टोके इतरांपेक्षा अधिक झिजलेली दिसतात. मग फुली कोणत्या धुनेपुढे असेल हे कार्ड न पाहताही सांगता येते. एका कुटुंबाच्या बॉक्सच्या वरच्या सप्तकात शेजारचे दोन दाते टोकाशी तुटलेले होते. त्यामुळे तिसऱ्या धुनेत एका वळणावर दोन स्वरांची पोकळी पडे, आणि त्या घरातल्या दोन पिढ्या ती धून तशीच, पोकळीसकट, गुणगुणत आल्या होत्या. तेथे मुळात कोणते स्वर असायला हवेत ते मी त्यांना वाजवून दाखवले. थोडा वेळ आपसांत बोलून त्यांनी ते दाते तसेच ठेवायला सांगितले. तुटलेल्या टोकाने पिनांना काही इजा होत नाही, त्यामुळे मला हरकत घेण्याचे कारण नव्हते. संग्राहकाच्या दृष्टीने तो दोष आहे. त्या घराच्या दृष्टीने ती धूनच तशी आहे.

आता दुरुस्तीने आठवण पुसली जाते का, या प्रश्नाला सरळ उत्तर देता येते: काय दुरुस्त करता त्यावर ते अवलंबून आहे. यंत्राच्या सुरक्षिततेच्या बाबतीत कोणतीही भावनिक सवलत देऊ नये. भरलेल्या कमानीची सगळी ताकद गव्हर्नरच्या एका बारीक फिरकीने रोखून धरलेली असते. ती फिरकी निसटली, झिजली किंवा कोणी उत्साहाने कमान न उतरवता खोलली, तर सिलिंडर भन्नाट वेगाने फिरतो आणि काही क्षणांत पिना वाकतात, दाते तुटून उडतात. ही हानी भरून काढणे अतिशय कष्टाचे असते, आणि काही वेळा ती भरून निघतच नाही. म्हणून गव्हर्नर, चाकांचे दाते, कमान आणि अटक हे सारे नीट करून घेतलेच पाहिजे, मग ते भाग मूळचे असोत वा नसोत. डॅम्पर नव्याने बसवावेत. त्याने आवाज बदलत नाही, परत येतो. शिशाचे वजन पांढऱ्या भुकटीने फुगून शेजारच्या दात्याला टेकू लागले असेल, तर तेही बदलावे लागते. सिलिंडरच्या आत पिना पक्क्या धरून ठेवणारा राळेसारखा थर भरलेला असतो. तो सुटला की वाजताना आतून खुळखुळ ऐकू येते आणि ते काम पुढे ढकलू नये.

स्वरांच्या बाबतीत मी अधिक सावध असतो. फणीची मूळ स्वरपट्टी आजच्या प्रमाणित पट्टीशी जुळत नसते आणि ती जुळवण्याचा मोह आवरलाच पाहिजे. दाते कानशीने घासून बॉक्स आधुनिक पियानोशी सुरात आणला, तर तो पियानोशी जुळेल, पण त्या घरातल्या कोणाच्याही आठवणीशी जुळणार नाही. एखादा दाता स्पष्टपणे बेसूर झाला असेल तर तेवढाच, शेजारच्या दात्यांच्या आधाराने, सुरात घ्यावा.

बाहेरच्या पेटीचे तर शक्य तितके कमी करावे. धूळ काढावी, उचकटलेली नक्षी चिकटवावी, बिजागरी घट्ट करावी आणि थांबावे. झाकणाच्या कडेला नेमक्या एका जागी बोटांनी घासून पॉलिश उडालेले असते. तेथे कोणाची बोटे टेकत होती हे घरच्यांना माहीत असते. नवे चकचकीत पॉलिश केल्यावर पेटी सुंदर दिसते आणि अनोळखी होते. बाजाराच्या दृष्टीनेही जुनी, प्रामाणिक कांती जपणेच शहाणपणाचे आहे, पण येथे मी ते कारण पुढे करणार नाही, कारण ज्या बॉक्सवर माणसांचा सर्वांत अधिक जीव असतो तो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा साधा आठ किंवा बारा धुनांचा बॉक्स असतो आणि संग्राहकांना त्यात फारसा रस नसतो. संग्राहक किल्लीच्या, त्याहून जुन्या आणि बारीक कामाच्या बॉक्सच्या मागे असतात. दोन्ही मोजमापे आपापल्या जागी खरी आहेत. त्यांची गल्लत केली की लोक उगाच निराश होतात.

अनेक वर्षे गप्प असलेला बॉक्स हाती आला, तर पहिली गोष्ट म्हणजे किल्ली देऊ नका आणि त्यावर तेलाचा फवारा मारू नका. थांबलेला सिलिंडर धुनेच्या मध्यावर आहे की कोऱ्या पट्टीवर, हे आधी पाहा. मध्यावर असेल तर पिनांनी दाते अर्धवट उचलून धरलेले असतात, आणि अशा स्थितीत पेटीला धक्का बसला तर टोके तुटतात. अशी पेटी हलवण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा. चालता बॉक्स नेहमी धून पुरी झाल्यावरच उचलावा. आवाज क्षीण वाटत असेल तर दुरुस्तीआधी एक सोपा प्रयोग करून पाहा: खालचे मखमली कापड काढून पेटी थेट मोकळ्या लाकडी टेबलावर ठेवा. टेबलाची फळी स्वर उचलून धरते आणि खर्ज एकदम भरतो. प्रेमापोटी अंथरलेल्या जाड कापडाने कित्येक बॉक्सचा आवाज बसवून टाकलेला मी पाहिला आहे.

चांगले ध्वनिमुद्रण जरूर करून ठेवावे, दुरुस्तीच्या आधी एक आणि नंतर एक. ते बॉक्सची जागा घेणार नाही, याची कारणे वर आलीच आहेत. पण भावंडे वेगवेगळ्या ठिकाणी राहत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला निदान तेवढे येते. आणि किल्ली कोण देत असे, कार्डावरची फुली कोणाची, कोणता दाता केव्हा तुटला, हे माहीत असलेली माणसे आहेत तोवर ते एका साध्या कागदावर लिहून घ्यावे. हा कागद झाकणाला चिकटवू नये, कारण डिंकाने मूळ कार्डाला आणि लाकडाला डाग पडतात. तो पाकिटात घालून पेटीच्या तळाखाली ठेवावा आणि पेटी दुरुस्तीला देताना कारागिराच्या हाती आवर्जून द्यावा, म्हणजे काय दुरुस्त करायचे नाही हे त्याला काम सुरू करण्याआधीच कळते.